सणाच्या तोंडावर ओव्हन बंद पडला: रोश हशानाचा स्वयंपाक मार्गी लावण्याचा क्रम

ओव्हन बिघडला की बहुतेक घरांत एकच चूक होते. सगळे जण दुरुस्तीच्या मागे लागतात आणि स्वयंपाकाचा बेत तसाच ठेवतात. पहिला दिवस मेकॅनिकला फोन करण्यात जातो, दुसरा त्याची वाट पाहण्यात. तिसऱ्या दिवशी तो येऊन सांगतो की सुटा भाग सणानंतर मिळेल. तोवर फ्रीजमध्ये कच्ची कोंबडी असते, सण सुरू करणाऱ्या मेणबत्त्या लावायला काही तास उरलेले असतात आणि शेगडीच्या चार बर्नरवर सात पदार्थ चढवायचे असतात.

म्हणून क्रम बदला. आधी सुरक्षितता, मग अर्ध्या तासाची घरगुती तपासणी, लगेच बेतात बदल, आणि दुरुस्तीचा फोन त्याच्या जोडीने. ठाणे-मुंबई असो की इस्राएलमधले अश्दोद, लोद, दिमोना, बेर-शेवा, हा क्रम सगळीकडे चालतो.

## 1. कॅलेंडर उघडा आणि खरी मुदत लिहून काढा

रोश हशाना, म्हणजे यहुदी नववर्षाचा सण, इस्राएलमध्येही दोन दिवसांचा असतो. तो कोणत्या वारी येतो, त्यावर तुमच्या हातात किती वेळ आहे ते ठरते.

2026 मध्ये सण शुक्रवारी 11 सप्टेंबरला संध्याकाळी सुरू होतो. पहिला दिवस शनिवार 12, दुसरा रविवार 13. म्हणजे पहिला दिवस शब्बाथ (शुक्रवार संध्याकाळ ते शनिवार रात्र असा विश्रांतीचा दिवस) आहे आणि त्या दिवशी स्वयंपाक अजिबात करता येत नाही. शुक्रवार रात्र आणि शनिवार दुपार, दोन्ही जेवणे सूर्यास्तापूर्वी पूर्ण शिजलेली हवीत. दुसऱ्या दिवसाचा स्वयंपाक शनिवारी रात्र पडल्यावरच सुरू करता येतो, तोही आधीपासून जळत असलेल्या ज्योतीवरून गॅस पेटवून. पहिल्या दिवशी दुसऱ्या दिवसाची तयारी करून ठेवणेही चालत नाही.

सण गुरुवार-शुक्रवार असेल तर लगेच शब्बाथ येतो आणि सलग तीन दिवस होतात. 2024 मध्ये तसेच झाले होते. अशा वर्षी शुक्रवारी शब्बाथसाठी शिजवायचे असेल तर एरुव तवशिलिन (सणाच्या दिवशी शब्बाथसाठी शिजवण्याची मुभा देणारा विधी) बुधवारी, सण लागण्यापूर्वी करून ठेवावा लागतो. ओव्हनच्या धावपळीत नेमके हेच राहून जाते.

तपासा: फ्रीजच्या दारावर कागद लावा. त्यावर दोनच वेळा लिहा: मेणबत्त्या लावण्याची वेळ, आणि त्याच्या 48 तास आधीची वेळ. ही दुसरी वेळ म्हणजे निर्णयाची मुदत. तोवर ओव्हन सुरू झाला नाही, तर या सणापुरता तो नाही असे धरून चालायचे. मेकॅनिक कितीही खात्रीने "उद्या येतो" म्हणाला तरी बेत परत बदलायचा नाही.

## 2. हात लावण्यापूर्वी

विजेचा ओव्हन असेल तर बोर्डावरचा त्याचा एमसीबी (ब्रेकर) खाली करा. नुसते बटण बंद करणे पुरेसे नाही. ओव्हन पूर्ण गार होऊ द्या.

गॅसचा ओव्हन असेल आणि वास येत असेल तर तपासणी करायचीच नाही. सिलिंडर किंवा मुख्य कॉक बंद करा, खिडक्या उघडा, कोणतेही विजेचे बटण चालू-बंद करू नका, घराबाहेर जाऊन गॅस कंपनीला फोन करा.

सावधान: मायक्रोवेव्ह घरी उघडू नका. त्यातला कपॅसिटर प्लग काढल्यावरही जीवघेणा भार धरून ठेवू शकतो. साध्या ओव्हनचाही मागचा पत्रा काढण्याचे काम जाणकाराचे आहे. खालची तपासणी बाहेरूनच करायची आहे.

## 3. ओव्हन खरोखर बिघडला आहे का?

ही पायरी कंटाळवाणी वाटते म्हणून लोक ती सोडतात आणि मेकॅनिकला भेटीचे पैसे देऊन घड्याळ लावून घेतात. ओव्हन गार झाला की एमसीबी वर करा आणि क्रमाने पाहा:

- घड्याळ. अनेक ओव्हन वीज जाऊन आल्यावर वेळ लावल्याशिवाय तापतच नाहीत. पडद्यावर शून्ये लुकलुकत असतील तर आधी वेळ लावा.
- शब्बाथ मोड. मागच्या सणाला लावलेला मोड तसाच राहिला असेल तर बटणे प्रतिसाद देत नाहीत. पुस्तिकेत पाहून तो काढा.
- मुलांसाठीचे कुलूप. पडद्यावर किल्लीची किंवा कुलपाची खूण दिसते. सहसा एखादे बटण काही सेकंद दाबून ठेवले की ते सुटते.
- डेमो मोड. नव्या ओव्हनमध्ये दिवा लागतो, पंखा फिरतो, उष्णता मात्र येत नाही. दुकानात मांडण्यासाठीचा हा मोड चुकून लागतो.
- टायमरचा खटका. जुन्या ओव्हनमध्ये टायमर शून्यावर असला की ओव्हन बंदच राहतो. तो हाताच्या खुणेवर फिरवा.
- शब्बाथचे घड्याळ. ओव्हनचा प्लग किंवा सर्किट शब्बाथच्या टायमरवर असेल तर त्याने वीज तोडलेली असते.
- दार. कडेला चिकटलेले सारण किंवा निसटलेले रबर दार पूर्ण लागू देत नाही.

यातले काहीच नसेल तर ओव्हन 180 अंशांवर लावा आणि काय होते ते नीट पाहा. हेच निरीक्षण पुढे फोनवर सांगायचे आहे.

वरची कॉइल लाल होते पण खालची थंड असेल तर खालची कॉइल जळाली असण्याची शक्यता जास्त. ती उघडी असेल तर फुगवटा किंवा तडा डोळ्यांनी दिसतो. ओव्हन लावताक्षणी किंवा तापत असताना गळती पकडणारा ब्रेकर पडत असेल, तर कॉइलमध्ये ओलावा शिरलेला असतो किंवा तिचे आवरण गेलेले असते. तो ब्रेकर पुन्हा पुन्हा वर करून "आता तरी चालेल" असे करू नका. तो तुमचा जीव वाचवण्यासाठीच पडतो.

गॅसच्या ओव्हनमध्ये ज्योत लागते आणि नॉब सोडताच विझते, असे होत असेल तर नॉब दहा-पंधरा सेकंद दाबून धरून पाहा. तरीही विझत असेल तर बहुधा थर्मोकपल (ज्योत आहे की नाही ते ओळखणारा भाग) गेले आहे. ते गॅसच्या परवानाधारक माणसाकडूनच बदलून घ्यायचे.

ओव्हन तापतो पण पदार्थ कच्चे राहतात, ही वेगळी तक्रार आहे. आत ओव्हनचा थर्मामीटर ठेवा, अर्धा तास थांबा, मग दहा-दहा मिनिटांनी तीन वेळा वाचा. 180 लावल्यावर सरासरी 160 येत असेल तर नॉब 200 वर ठेवा आणि सण उरका. याला सणापूर्वी दुरुस्तीची गरज नाही.

## 4. अर्धा ओव्हन म्हणजेही ओव्हन आहे

ब्रेकर पडत नाही, जळका वास येत नाही आणि बाहेरचा गार हवा फेकणारा पंखा चालू आहे, एवढी खात्री असेल तर उरलेला भाग वापरता येतो.

फक्त वरची कॉइल चालत असेल तर पदार्थ शेगडीवर पूर्ण शिजवा आणि शेवटी वरून लाली आणण्यापुरता ओव्हन वापरा. फक्त खालची चालत असेल तर केक व्यवस्थित होतो, फक्त वरून फिका राहतो. पंख्याभोवतीची गोल कॉइल शाबूत असेल तर तुमचे जवळपास काहीच अडत नाही. पंख्याच्या मोडवर तापमान सुमारे 20 अंश कमी ठेवा.

सावधान: ओव्हनच्या तळाशी फॉइल पसरू नका. कशेरसाठी (मांस आणि दूध वेगळे ठेवण्यासारखे यहुदी आहारनियम पाळण्यासाठी) किंवा साफसफाई वाचावी म्हणून पुष्कळ घरांत ही सवय असते. तळाखाली लपलेली कॉइल असली की फॉइल उष्णता अडवते, इनॅमल तडकते आणि कॉइलही लवकर जाते. जाळीही पूर्ण झाकू नका, कारण हवा फिरायला जागा लागते.

## 5. मेकॅनिकला एकच नेमका फोन

"ओव्हन चालत नाही" एवढेच सांगितले तर माणूस रिकाम्या हाताने पाहायला येतो. दाराच्या चौकटीवर किंवा खणात एक पट्टी असते. तिच्यावरचा मॉडेल आणि सीरियल नंबर फोटो काढून पाठवा. सोबत एका वाक्यात लक्षण सांगा: "वरची कॉइल तापते, खालची नाही, ब्रेकर पडत नाही."

मग तीन प्रश्न विचारा. हा भाग आज तुमच्याजवळ आहे का? भेटीचे पैसे दुरुस्तीतून वजा होतात का? माझ्या मुदतीपूर्वी आला नाहीत तर भेट रद्द करता येईल का? पहिल्या प्रश्नाला "बघावे लागेल" असे उत्तर आले, तर मी त्याला नकार समजायचा सल्ला देते. सणाच्या आठवड्यात प्रत्येक मेकॅनिककडे रांग असते आणि मागवलेला भाग वेळेत येईल यावर दोन दिवसांचे जेवण लावू नये.

वॉरंटी चालू असेल तर बाहेरच्या माणसाला उघडू देऊ नका.

## 6. दुसरी उष्णता शोधा, आणि विजेचा हिशेब करा

छोटा ओव्हन किंवा ओटीजी. विकत घेण्यापूर्वी किंवा शेजारून आणण्यापूर्वी आतली लांबी-रुंदी मोजा. सणासाठी आणलेले मोठे ॲल्युमिनियमचे ट्रे त्यात बसत नाहीत, हे बहुतेकांना शुक्रवारी कळते. ट्रे आणि कॉइल यांत दोन बोटे अंतर हवे. विकत आणलेले धातूचे ट्रे वापरण्यापूर्वी तेविला (धार्मिक स्नानकुंडात भांडे बुडवणे) करायची का, हेही त्याच दिवशी विचारून घ्या.

आता वीज. 2000 वॉटचा ओटीजी 230 व्होल्टवर जवळपास 9 अँपिअर घेतो. भारतातल्या 6 अँपिअरच्या छोट्या सॉकेटवर तो लावायचा नाही, 16 अँपिअरचाच हवा. इस्राएलमध्ये सॉकेट 16 अँपिअरचे असतात, पण एका सर्किटवर एकूण सुमारे 3600 वॉटच चालतात. त्याच सर्किटवर ओव्हन, मेहाम (पाणी उकळून गरम ठेवणारे विजेचे भांडे) आणि प्लाता (पदार्थ गरम ठेवणारी विजेची पाटी) एकत्र लावली तर पाणी उकळत असताना ब्रेकर पडतो. शब्बाथ लागल्यावर पडलेला ब्रेकर वर करता येत नाही, म्हणजे रात्रीचे जेवण थंड. एक्स्टेन्शन बोर्ड वापरून वेळ मारून नेऊ नका.

शेजाऱ्याचा ओव्हन. तो घरात मांसाचा आहे, दुधाचा आहे की पार्वे (दोन्ही नसलेल्या पदार्थांचा), हे आधी विचारा. कशेर नसलेल्या घरातला ओव्हन असेल तर पदार्थ फॉइलच्या दोन थरांत पूर्ण बंद करून ठेवण्याची रीत आहे, पण तुमच्या बाबतीत काय चालेल ते इस्राएलमध्ये रब्बींना आणि महाराष्ट्रात तुमच्या सिनॅगॉगच्या हझानांना (प्रार्थना चालवणाऱ्यांना) विचारून ठरवा. सेफार्दी रीत पाळणाऱ्या घरात पदार्थ ओव्हनमध्ये ठेवण्याचे काम यहुदी माणसानेच करणे अपेक्षित असते, म्हणून नुसता ट्रे शेजारी देऊन येऊ नका. वेळही ठरवून घ्या: "गुरुवारी सकाळी 10 ते 12" असे नेमके सांगा. त्यांचाही सण असेल तर शुक्रवार मागूच नका.

प्लाता. ही गरम ठेवते, शिजवत नाही. कच्चा किंवा अर्धकच्चा पदार्थ तिच्यावर सोडून देणे धोक्याचेही आहे आणि शब्बाथच्या नियमातही बसत नाही.

तपासा: गुरुवारी प्लाता एक तास चालवा, वर गरम रस्स्याचे पातेले ठेवा, थर्मामीटर घाला. 60 अंशांच्या खाली जात असेल तर त्या पातेल्याची जागा बदला किंवा पदार्थ कमी करा.

## 7. बेत शेगडीवर आणा

इथे आपल्याला मोठा आधार आहे. बेने इस्राएल या यहुदी समाजाचा कोकणातला स्वयंपाक चुलीवर उभा राहिला. नव्याच्या सणाचा (रोश हशानाचा) चिक्काचा हलवा, संदण, नारळाच्या दुधातली कोंबडी, माशाची आमटी, यांतल्या एकालाही ओव्हन लागत नाही. ओव्हनचे पदार्थ बेतात नंतर शिरले. सणाच्या ताटातले खजूर, डाळिंब, सफरचंद-मध, दुधी, चवळी, बीट यांनाही ओव्हनशी देणेघेणे नाही. तेव्हा कागदावर दोन रकाने करा आणि ओव्हनच्या रकान्यातला प्रत्येक पदार्थ एकतर हलवा, बदला किंवा खोडा.

भाजलेली कोंबडी. अख्खी कोंबडी शेगडीवर भाजण्याचा हट्ट सोडा. तुकडे करा, जाड बुडाच्या भांड्यात थोड्या तेलावर कातडी खाली ठेवून लाल करा, मग हिरवे वाटण आणि नारळाचे दूध घालून मंद आचेवर झाकण ठेवून शिजवा. हाडाजवळ 74 अंश आले की झाले. नारळाचे दूध फुटू नये म्हणून घट्ट दूध शेवटी घाला आणि जोरात उकळू देऊ नका.

मटण किंवा मोठा मांसाचा तुकडा. याला ओव्हनपेक्षा शेगडीच बरी. आदल्या दिवशी शिजवा, रश्शासकट फ्रीजमध्ये ठेवा. सकाळी वर गोठलेली चरबी काढा आणि तुकडा थंड असतानाच कापा. गरम तुकडा कापला की भुगा होतो.

बटाटे. आधी उकडा, पूर्ण सुकवा, मग पसरट तव्यावर गर्दी न करता परता. गर्दी केली की ते वाफेवर मऊ पडतात.

मासे. मांसापासून वेगळे भांडे. याचे ओव्हनचे पदार्थ सरळ आमटीत किंवा तळणीत बदला.

मधाचा केक. जाड बुडाचे जुने पातेले घ्या. तळाशी दीड वाटी मीठ पसरा, त्यावर स्टँड ठेवा, झाकण लावून मध्यम आचेवर दहा मिनिटे तापवा. केकचा डबा आत ठेवा, आच अगदी मंद करा, 45 मिनिटांनंतर सळई घालून पाहा. मध लवकर करपतो, म्हणून डब्याखाली आणखी एक रिकामा पसरट डबा ठेवा. पहिली 35 मिनिटे झाकण उघडू नका.

सावधान: कुकर वापरायचा असेल तर शिट्टी आणि रबर दोन्ही काढा. ती लावून पाण्याशिवाय कुकर तापवणे धोकादायक आहे.

हाला (शब्बाथ आणि सणाचा पाव). माझे मत स्पष्ट आहे: गुरुवारीच बेकरीतून विकत आणा आणि फ्रीजरमध्ये ठेवा. घरीच करायची असेल तर मोठी वेणी घालू नका. 250 ग्रॅम पिठाच्या गोळ्याच्या, सणासाठी रूढ असलेल्या गोल आकाराच्या छोट्या हाला करा. तव्यावर जाड पातेले ठेवा, आत बेकिंगचा कागद, झाकण बंद, आच किमान. खालून घट्ट झाली की उलटा. मध्यभागी 90 अंश येईपर्यंत थांबा. हात लावून अंदाज करू नका, बाहेरून झालेली हाला आतून चिकट राहते.

## 8. बर्नरचा क्रम

ओव्हन गेला की अडचण पदार्थांची राहत नाही, बर्नरची होते. म्हणून जे टिकते ते आधी करा.

मंगळवार-बुधवार: चिक्काचा हलवा आणि केक. हलव्याला मिश्रण भांड्याची कड सोडेपर्यंत सतत ढवळावे लागते आणि त्यात तासभर सहज जातो. त्या वेळात दुसरे काही हाती घेऊ नका. मांसाच्या जेवणानंतर वाढायचा असल्याने लोणी-तूप नाही, नारळाचे दूधच.

गुरुवार: मटण, माशाच्या आमटीचे वाटण, चवळी, बीट. शेजाऱ्याच्या ओव्हनची पाळी असेल तर ती याच दिवशी.

शुक्रवार सकाळ: कोंबडी, आमटी, बटाटे. भात सर्वांत शेवटी.

शुक्रवार दुपार: फक्त गरम करणे आणि प्लातावर मांडणे. या वेळेत नवा पदार्थ सुरू करू नका.

मोठे पातेले तसेच फ्रीजमध्ये ढकलू नका. पसरट भांड्यांत काढा म्हणजे लवकर गार होते.

## 9. मेणबत्त्या लावण्यापूर्वीची शेवटची फेरी

बिघडलेल्या ओव्हनचा एमसीबी खालीच असू द्या, म्हणजे दार उघडल्यावर दिवा लागण्याचा प्रश्न उरत नाही. प्लाता आणि मेहाम वेगवेगळ्या सर्किटवर आहेत का पाहा. टायमर वापरत असाल तर त्याची वेळ दुसऱ्या माणसाकडून वाचून घ्या.

2026 सारख्या वर्षी शनिवारी रात्री गॅस पेटवायचा तर शुक्रवारपासून जळणारी ज्योत हवी. 24 तासांची मेणबत्ती पुरत नाही, कारण शुक्रवारी सूर्यास्तापूर्वी लावलेली ज्योत शनिवारी रात्र पडण्याआधीच विझते. 48 तासांची आणा. शनिवारी रात्री काडी त्या ज्योतीवर पेटवून बर्नरला लावा, ठिणगीचे बटण दाबू नका आणि काडी विझवू नका, सुरक्षित जागी ठेवून जळू द्या. घरात विजेची शेगडी असेल तर हा मार्ग बंद आहे. अशा वेळी दुसऱ्या दिवसाचे जेवणही शुक्रवारी सूर्यास्तापूर्वी शिजवून ठेवा.

सण लागल्यावर छोटा ओव्हनही बंद पडला, तर तो उघडून पाहायचा नाही, प्लग हलवायचा नाही. ताटातली थंड चालणारी फळे, हाला, मासे आणि हलवा यांवर एक जेवण निघते. बेत आखतानाच तेवढे थंड पदार्थ ठेवा.

## 10. पेसाखच्या आधीचा वेगळा धोका

पेसाखच्या आठवड्यात ओव्हन बंद पडण्याचे एक ठराविक कारण आहे: स्वतः साफ होण्याचा मोड. त्यात आतले तापमान 450 अंशांच्या वर जाते, आणि जुन्या ओव्हनचा थर्मल फ्यूज किंवा दाराचे कुलूप त्या उष्णतेत जाते. लोक हा मोड सेदेरच्या (पेसाख सुरू होतानाच्या रात्रीच्या जेवणाच्या) आदल्या दिवशी लावतात. तो किमान दहा दिवस आधी लावा, जाळ्या बाहेर काढून, खिडकी उघडी ठेवून. त्यानंतर दार उघडत नसेल तर ओढू नका. पूर्ण गार होऊ द्या, एमसीबी काही मिनिटे खाली ठेवा, मग पुन्हा पाहा.

पेसाखला शेजाऱ्याचा ओव्हन हा सोपा पर्याय नाही, कारण त्यात हामेत्स (पेसाखला वर्ज्य असलेले आंबवलेल्या धान्याचे पदार्थ) शिजलेले असते. पेसाखपुरता वेगळा छोटा ओव्हन घेऊन वर्षभर बांधून ठेवणे मला जास्त पटते. तो बाहेर काढाल तेव्हा सेदेरच्या आठवडाभर आधी एकदा रिकामा तापवून पाहा.